कोसेकीतलं आडनाव

बायको जपानी, तिला नोकरी लागली बर्लिनला. जपानी पासपोर्टवर जर्मनीत व्हिसाशिवाय उतरता येतं आणि ९० दिवसांच्या आत तिथेच रहिवासी परवान्याचा अर्ज करता येतो; काम मात्र परवाना मिळाल्यावरच. मी भारतीय, मला व्हिसा टोकियोतूनच घेणं भाग होतं.

लग्नाचा पुरावा म्हणजे तिचं कोसेकी, जपानी कुटुंबनोंद. त्यात परदेशी नाव काताकाना लिपीत असतं. जर्मन भाषांतरात ‘कुलकर्णी’चं चक्क ‘कुरुकारुनी’ झालं! पासपोर्टशी जुळेना, पोटात गोळाच आला. शेवटी शपथबद्ध भाषांतरकाराला पासपोर्ट दाखवला आणि त्यातलंच स्पेलिंग लिहून घेतलं. अर्ज स्वीकारला गेला. पासपोर्टची प्रत आधीच पाठवली असती, तर दोन आठवड्यांची घालमेल वाचली असती.