कोल्हापुरात लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची पाहणी कशी करावी

आंब्याच्या खोडातून भुसा पडू लागला की शेतकरी म्हणतात, भिरूड लागला. ते काम बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा या भुंगेऱ्याच्या अळीचे. त्याच्या सेरॅम्बिसिडी, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या, कुळातली कोणती जात जिल्ह्यात कुठे आहे हे शोधायचे, तर आधी पावसाप्रमाणे तीन पट्टे पाडा: गगनबावडा-दाजीपूर-आंबा घाटाचे दाट जंगल, पन्हाळा-भुदरगडचा मधला भाग, आणि शिरोळ-हातकणंगल्याचा कोरडा मुलूख. तिन्हींत ठिकाणे सारख्याच संख्येने घ्या. सगळ्या रात्री दाजीपुरात घालवल्या तर शिरोळ नकाशावर रिकामे दिसेल, कारण तिथे कोणी पाहिलेलेच नसेल. राधानगरी अभयारण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी आधीच काढा. नमुने घ्यायचे असतील तर अर्जात तसे स्पष्ट लिहा.

वळवाच्या पावसापासून जूनअखेरपर्यंतचा काळ उत्तम. अमावास्येच्या आसपास, संध्याकाळी सात ते अकरा, दोन बांबूंना पांढरी चादर ताणा आणि तिच्यापुढे १६० वॉटचा मर्क्युरी बल्ब लावा. साध्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्यावर फार थोडे येतात. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर बल्ब फुटतो, वर पत्रा हवाच. चादरीचा खालचा भाग जमिनीवर पुढे पसरा. बरेच भुंगेरे चादरीवर न बसता गवतात पडतात. शेजारच्या झाडांची खोडेही टॉर्चने पाहा.

दिवसा फांद्या झोडपा: खाली एक मीटर चौरस पांढरे कापड धरून वाळक्या फांदीवर काठीचे चार-पाच ठोके. पडलेले लगेच टिपा, काही क्षणांत उडून जातात.

दिव्याकडे न येणाऱ्या जातींसाठी लाकूड पाळावे लागते, म्हणजे आतल्या अळीचा भुंगेरा होऊन बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावे लागते, आणि खरी माहिती इथेच मिळते, कारण भुंगेरा कोणत्या झाडाचा ते नक्की कळते. अंगठ्याएवढ्या ते मनगटाएवढ्या जाडीच्या, नुकत्याच वाळलेल्या फांद्यांचे हातभर तुकडे बादलीत ठेवा, तोंडाला बारीक लोखंडी जाळी बांधा. कापड ते कुरतडतात. बंद प्लास्टिकमध्ये बुरशी येते. आठवड्यातून एकदा हलके पाणी शिंपडा आणि वर्षभर तरी धीर धरा; टाकून दिलेल्या फांदीतून नंतर भुंगेरा निघाला तर ती नोंद गेलीच. झाडाचे नाव तोडतानाच चिठ्ठीवर लिहा.

ओळखताना फक्त मिशांवर जाऊ नका. डोळे मिशांच्या बुडाभोवती खाच पडल्यासारखे वळलेले असतात तेही पाहा. प्रत्येक नोंदीत तारीख, जीपीएस, उंची, पद्धत आणि किती तास पाहिले ते हवे. काहीच न मिळालेली रात्रही तितक्याच काळजीने लिहा.