व्हर्च्युअल असिस्टंटला मेल सोपवायचाय? पासवर्ड देऊ नका
घरून धंदा करणाऱ्यांचा अर्धा दिवस मेल आणि इनव्हॉइसमध्येच जातो, म्हणून असिस्टंट (लांबून ऑनलाइन काम करणारा माणूस) ठेवायचा असेल तर आधी आठवडाभर कुठलं काम किती वेळ खातं ते लिहून काढा आणि जे दरवेळी सेम पद्धतीनं होतं तेच आधी द्या. गिऱ्हाइकाला सांगायचा भाव ठरवणं स्वतःकडेच ठेवा. पासवर्ड, ओटीपी अजिबात द्यायचा नाही! जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, सेटिंग्जमधे अकाउंट्समधे जाऊन त्याला डेलिगेट म्हणून अ‍ॅड करा, मग तो तुमच्या वतीनं मेल वाचतो, पाठवतो, डिलीटही करू शकतो पण पासवर्ड बदलू शकत नाही, आणि काम संपलं की अ‍ॅक्सेस काढता येतो. काम समजवायला स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या माणसालाही तोच व्हिडिओ चालतो.