वेस्टर्न ब्लॉट बघताना पट्टीच्या मागे बघा

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नमुन्यातली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं चित्र. शोधनिबंधातल्या अशा ब्लॉटमध्ये आपली नजर पट्टी गडद की फिकट एवढ्यावरच अडकते. लबाडी मात्र बहुतेकदा मागच्या करड्या भागात सापडते. पीडीएफमधलं चित्र इमेजजे (ImageJ) या मोफत मिळणाऱ्या चित्र-तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि कॉन्ट्रास्ट इतका ताणा की पार्श्वभूमीतले ठिपके, ओरखडे, धुळीचे कण वर येतील. हे कण दोन ठिकाणी हुबेहूब सारखे पडत नाहीत. दोन पट्ट्यांच्या उजव्या टोकाला तोच ठिपका, तीच वर वळलेली शेपटी दिसली, तर एकीची नक्कल दुसरीच्या जागी चिकटवल्याची दाट शंका घ्यावी.

नंतर चित्र आडवं उलटवून आणि १८० अंशांत फिरवूनही ताडून बघा. ॲक्टिनची (सगळ्या नमुन्यांत प्रथिन सारखंच घेतलंय हे दाखवायला वापरतात त्या प्रथिनाची) पट्टी तर मी आधी तपासते, कारण तीच वेगळ्या प्रयोगाखाली पुन्हा वापरलेली सापडते. (एकाच मेम्ब्रेनवरची, म्हणजे प्रथिनं उतरवलेल्या त्याच पातळ पडद्यावरची, असेल तर तो दोष नव्हे, पण तसं लिहिलेलं हवं.)

२०१६ साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ निबंधांतली चित्रं नुसत्या डोळ्यांनी तपासली. ३.८ टक्के निबंधांत शंकास्पद चित्रं निघाली.

जेपीईजीमुळे उमटणाऱ्या ८ × ८ पिक्सेलच्या चौकटी म्हणजे फेरफार नव्हे, हे विसरू नका. शंका आली की थेट आरोप न करता संपादकांमार्फत न कापलेला मूळ ब्लॉट मागा.