ओलेड रसायनांत नव्याने येणाऱ्यांसाठी : रेणू तयार झाल्यानंतरचे काम

कार्बाझोल, फ्लुओरीन, ट्रायाझिन, डायबेंझोफ्युरान ही ओलेड पडद्यांच्या (विजेवर स्वतः प्रकाशणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या पडद्यांच्या) रसायनांतील रोजची नावे आहेत. (यातील फ्लुओरीन हा हायड्रोकार्बन असून फ्लोरिन वायूशी त्याचा काहीही संबंध नाही.) या सांगाड्यांवर नेमक्या जागी ब्रोमिन किंवा बोरॉनिक आम्लाचा गट बसवणे हे आमचे काम, पुढे सुझुकी किंवा बुखवाल्ड-हार्टविग अभिक्रियेने हे तुकडे जोडून अंतिम रेणू घडवला जातो.

मी या क्षेत्रात आलो तेव्हा अभिक्रिया पूर्ण झाली की काम संपले, अशी माझी समजूत होती. कार्बाझोलच्या ३ क्रमांकाच्या जागी ब्रोमिन बसवलेली माझी पहिली बॅच ९९ टक्के शुद्ध होती आणि मला तिचा अभिमानही वाटला होता. परंतु उरलेल्या एका टक्क्यात ३ आणि ६ या दोन्ही जागी ब्रोमिन असलेला रेणू होता. पुढच्या टप्प्यात त्याच्या दोन्ही बाजूंना तुकडे जोडले गेले आणि तयार झालेले अपद्रव्य मूळ पदार्थाशी विद्राव्यतेत इतके मिळतेजुळते निघाले, की स्फटिकीकरण तीनदा करूनही ते हटले नाही. पहिल्याच टप्प्यावर ब्रोमिनेशनचे तापमान आणि अभिकर्मकाचे प्रमाण आवरले असते, तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

अंतिम पदार्थ निर्वातात संप्लवनाने (घनाची थेट वाफ करून ती पुन्हा गोठवून) शुद्ध करतात, म्हणून आधीची उणीव तेथे भरून निघेल असे नवख्यांना वाटते. जोडणीत उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या पॅलेडियमचे अवशेष मागे राहतात हे खरे. पण जवळपास सारख्याच तापमानाला उडणारे भावंड-रेणू सोबतच वर येतात. हॅलोजनचे अंश तर दशलक्षांश प्रमाणातही पडद्याचे आयुष्य घटवू शकतात.

बोरॉनिक आम्लांबाबत एक वेगळीच सावधगिरी लागते. ती वाळवताना पाणी गमावून तीन-तीन रेणूंची बोरॉक्सिन वलये बनतात, त्यामुळे एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चुंबकीय चाचणीत) दुहेरी शिखरे दिसतात आणि केवळ वजनावरून काढलेले मोलचे गणित चुकते. हे ठाऊक नसल्याने मी एक चांगली बॅच अशुद्ध ठरवून बाजूला ठेवली होती.

कच्च्या मालाचा उगमही विचारावा. बाजारातील कार्बाझोलमध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी असलेला एक समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेला रेणू) त्याची दीर्घकाळ टिकणारी प्रस्फुरण-चमक (प्रकाश बंद केल्यावरही उरणारी चमक) घडवतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्याआधी अनेक वर्षे त्या चमकेचे श्रेय कार्बाझोललाच दिले जात होते. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या पिंपातील नमुना एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून, त्याचा थोडा भाग राखून ठेवूनच पहिली अभिक्रिया लावतो.