४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? या चुका टाळा

विश्रामबागेत माझ्याकडे संध्याकाळी आठ-दहा पोरं गणित करायला येतात, त्यांना या आठवड्यात एकच संख्या दिली, ४२९४९६७२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. चार अब्ज एकोणतीस कोटीच्या वर जाते. ही मूळ आहे का एवढंच सांगायचं होतं, आणि बहुतेकांनी पाच मिनिटांत "हो सर, मूळच आहे" म्हणून वही मिटली.

का, तर अंकांची बेरीज ५९ येते म्हणजे ३ नं भाग जात नाही, शेवटी ७ आहे म्हणजे २ आणि ५ गेले, ७ नं भागलं बाकी ५, ११ नं भागलं तरी बाकी ५. पण चार-पाच छोट्या संख्यांनी भाग गेला नाही यावरून काहीच ठरत नाही बघा. खुद्द फर्मा या थोर गणितज्ञालाही ही मूळच वाटत होती, कारण याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ आहेत. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की हिला ६४१ नं पूर्ण भाग जातो.

दुसरी चूक म्हणजे आंधळेपणानं भागत बसणं. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढं आहे, तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत, कोण करणार एवढं? आधी संख्येचा साचा बघा. हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हे ऑयलरनंच सिद्ध केलंय. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम झालं! आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की ६४१ साठी तो भागाकारही लागत नाही. ६४१ म्हणजे ५×१२८+१, आणि ६४१ म्हणजेच ६२५+१६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून ५×२^७ ला ६४१ नं भागलं की बाकी -१ (म्हणजे ६४१ च्या पटीला १ कमी), तिचा चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १, आता ५^४ च्या जागी -२^४ ठेवा, २^३२ ची बाकी -१ आली, त्यात १ मिळवला की शून्य. पोरांना हे फळ्यावर दोनदा करून दाखवलं.

कॉम्प्युटरवर करणाऱ्यांनी सी या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांकासाठी साधा ३२ बिटचा इंट (int) घेऊ नका, ही संख्या त्यात मावत नाही आणि बहुतेक वेळा नुसता १ उरतो. त्याहून मोठा लाँग लाँग (long long) घ्या.

आणि ६४१ सापडला म्हणून थांबू नका, दुसरा अवयव ६७००४१७ येतो, तो मूळ आहे का तेही तपासायचंय. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, आणि ६४१ च्या खालच्या सगळ्या आधीच बाद झाल्यात, म्हणजे त्याच साच्यातल्या सातच राहिल्या: ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. एकीनंही भाग जात नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ.