एसडब्ल्यूआर वाढला? अँटेना कापण्याआधी केबल तपासा

आमच्या खानदेशात अँटेनाची केबल दोन टप्प्यांत मरते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा केबलचं काळं आवरण तडकतं. मग मृगाच्या पहिल्या सरीत त्या चिरेतून पाणी आत शिरतं. जूनमध्ये हॅम सेटचा (हौशी रेडिओ संचाचा) एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत येते ते सांगणारा आकडा, वाढला की पुष्कळजण थेट गच्चीवर चढून अँटेनाची लांबी कमी-जास्त करू लागतात. तसं करू नका. आधी खालचं तपासा.

पहिल्यांदा सप्लाय. पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलेलं असताना सेटच्या मागच्या वायरींवर मल्टिमीटर लावा. 13.8 व्होल्टचे साडेअकरा होत असतील, तर दोष सप्लायचा, ढिल्या फ्यूजचा किंवा बारीक वायरचा. गावातल्या पाण्याच्या मोटारी चालू असताना हे आवर्जून बघा.

आता अँटेनाची केबल काढून एसडब्ल्यूआर-पॉवर मीटरच्या पुढे 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रेझिस्टर) जोडा. पॉवर पूर्ण आणि एसडब्ल्यूआर एकच्या आसपास आला, तर सेट ठीक. नाही आला, तर सेट आणि मीटरमधली छोटी केबल बदलून पाहा.

मग डमी लोड केबलच्या वरच्या टोकाला न्या, मीटरही तिथेच, आणि 5 वॅटवर मोजा. खाली 5 आणि वर अडीच, म्हणजे निम्मी शक्ती केबलनेच गिळली. इथेच लोक फसतात. अशा केबलचं वरचं टोक उघडं ठेवलं तरी खालून एसडब्ल्यूआर फक्त 3 दिसतो, कारण परतणारी शक्तीही वाटेत निम्मी होते. चांगल्या केबलला तोच आकडा खूप मोठा येतो. (उघड्या टोकाची ही चाचणी ॲनलायझरनेच (एसडब्ल्यूआर मोजणाऱ्या स्वतंत्र उपकरणाने) करा, सेटने नको.) म्हणून कमी आकडा दिसला की अँटेना निर्दोष, असं समजू नका.

कनेक्टरपाशी आवरण थोडं सोला. जाळी काळी पडली असेल, तर चकाकणारं तांबं लागेपर्यंत केबल कापा. लागलंच नाही, तर सरळ नवी टाका. सांध्यावर ताणून बसणारी रबरी टेप, त्यावर पीव्हीसी टेप. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकेल.

केबल निर्दोष निघाली, तरच अँटेना उतरवा. मल्टिमीटरवर शॉर्ट दिसला म्हणून घाबरू नका. फोल्डेड डायपोलला (टोकं वळवून जोडलेल्या अँटेनाला) तो असतोच. ढग गडगडत असतील किंवा विजेची तार जवळ असेल, तर वर चढू नका.