बँकेचे फॉर्म भरताना या चुका टाळा (आणि 'चालू' खात्यावर टिक करायच्या आधी हे वाचा)

नाशिकच्या पंचवटीत बारा वर्षं झाली मला लोकांचे फॉर्म भरून देताना. स्कॉलरशिप, पेन्शन, अनुदान, सगळे येतात आणि अडकतात ते बँकेच्या रकान्यातच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खात्याचा प्रकार. फॉर्मवर 'बचत' आणि 'चालू' असे दोन चौकोन असतात, माणूस म्हणतो माझं खातं तर चालूच आहे, बंद थोडंच पडलंय, आणि टिक करून मोकळा. अहो, ते चालू म्हणजे करंट अकाउंट, दुकानदार कारखानदारांचं, रोजच्या भरपूर उलाढालीसाठी, त्यावर साधारण व्याज मिळत नाही. आपलं पेन्शनचं, घरखर्चाचं असतं ते बचत म्हणजे सेव्हिंग, त्यावर रोजच्या शिलकेप्रमाणे व्याज धरतात.

सिडकोतल्या एका काकूंनी एसआयपीचा (म्युच्युअल फंडात दरमहा हप्ता भरायचा) मॅन्डेट फॉर्म, म्हणजे खात्यातून हप्ता कापायच्या परवानगीचा फॉर्म, घरीच भरला आणि 'चालू'वर टिक केली. फॉर्म माहिती जुळत नाही म्हणून परत आला, पण मेसेज गेला मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा पुण्याला. तीन महिने काकू समजत होत्या की पैसे साठतायत. माझ्याकडे आल्या तेव्हा पासबुक हातातच होतं, पहिल्या पानावर सेव्हिंग असं छापलेलं. मला राग काकूंचा नाही आला, फॉर्म छापणाऱ्यांचा आला, 'करंट' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

खातं खरंच बंद पडलंय का हा वेगळा प्रश्न. दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं आणि मग पुन्हा केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं द्यायची. मी सांगते, वर्षातून दोनदा शंभर रुपये तरी भरा.

आता खाते नंबर. दिंडोरीचे एक दादा, द्राक्षाच्या औषधाचे ४२ हजार पाठवायचे होते, व्हॉट्सॲपवर आलेला नंबर घाईत टाइप केला, एक आकडा इकडचा तिकडे झाला. नाव बरोबर टाकलंय ना, मग जातील कुठे, असं म्हणत होते. पण एनईएफटीमध्ये (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवताना) पैसे नंबर बघून जमा होतात, नाव जुळवून नाही. तो नंबर भलत्याच माणसाचा निघाला, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय बँक त्याच्या खात्यातून काढून देत नाही. दादांनी बँकेत दीड महिना खेटे घातले तेव्हा पैसे परत आले, तोवर दुकानदार उधारीवर थांबला हे नशीब. १ एप्रिल २०२५ पासून पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय बँकांना द्यायला सांगितलीय, ते नाव वाचा, सरळ पुढे दाबू नका. मी तरीही आधी एक रुपयाच पाठवते, समोरचा 'आला' म्हणेपर्यंत बाकीचे हलवत नाही. तरुण पोरांना याचा कंटाळा येतो, येऊ द्या.

स्टेट बँकेच्या पासबुकावर सीआयएफ नंबरही (बँकेने दिलेला ग्राहक क्रमांक) ११ आकडी आणि खाते नंबरही ११ आकडी, सीआयएफ टाकू नका.

आयएफएससी, म्हणजे ऑनलाइन पैसे पाठवताना लागणारा बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरी असतो, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ओ टाकणारे रोज एक तरी येतात. बँक ऑफ बडोदाच्या कोडात शून्यानंतरही बहुतेक अक्षरंच असतात म्हणून तिथे जास्त गोंधळ. कोड गुगलवरून उचलू नका. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत, तरी लोक अजून जुनं पासबुक घेऊन येतात, त्यावरचा कोड आता चालत नाही, शाखेत जाऊन नवं घ्या.

एमआयसीआर वेगळा, तो चेक वटवताना लागणारा शाखेचा कोड, ९ आकडी, चेकच्या खाली छापलेला. आपल्या नाशिकचा ४२२ ने सुरू होतो, पिनकोडसारखाच. त्याच्या आधीचे सहा आकडे चेकचा नंबर असतो आणि नंतरच्या सहा आकड्यांना लोक खाते नंबर समजतात, तो पूर्ण खाते नंबर नाही.

माझ्याकडे येताना पासबुकाचं पहिलं पान आणा, कागदावर उतरवलेला नंबर मी घेत नाही.